प्रादोत काय पाहावं, कसं पाहावं?

प्रश्न: माद्रिदमध्ये एकच संध्याकाळ हाती आहे. प्रादो संग्रहालय मोफत वेळेत पाहून होईल का? 'गेर्निका'ही बघायचं आहे.

उत्तर: आधी 'गेर्निका'चं. पिकासोचं हे चित्र प्रादोत नाही, १९९२पासून ते रेइना सोफिया संग्रहालयात आहे. तिथे चालत जाता येतं.

प्रादोत सोमवार ते शनिवार संध्याकाळी ६ ते ८ आणि रविवारी ५ ते ७ प्रवेश मोफत असतो. पण रांग मोठी, आणि बंद व्हायच्या दहा मिनिटं आधीच दालनं रिकामी करायला लावतात. हाती जेमतेम दीड तास उरतो. त्यात सगळं पाहायचा हट्ट धरलात तर नुसती पायपीट होईल. तीनच चित्रकार धरा: पहिल्या मजल्यावर वेलास्केझ, तळमजल्यावर बॉश आणि गोया. दालनांचे क्रमांक बदलू शकतात, म्हणून आत शिरताच नकाशा पाहा.

वेलास्केझचं 'लास मेनिनास' (१६५६) तीन मीटरहून उंच आहे. आधी दालनाच्या दुसऱ्या टोकाला उभं राहा, मग हळूहळू पुढे या. लांबून रेशीम वाटणारी बाही जवळ आल्यावर नुसते फटकारे होऊन जाते. चित्रात वेलास्केझ स्वतःही आहे; त्याच्या छातीवरचा लाल क्रूस मागाहून रंगवलेला आहे, कारण तो क्रूस ज्याचं चिन्ह, त्या सांतियागो या सरदारांच्या पंथाचं सदस्यत्व त्याला १६५९ साली मिळालं. बॉशच्या 'गार्डन ऑफ अर्थली डिलाइट्स' या तीन फळ्यांच्या चित्राची मागची बाजूही पाहा. बहुतेक जण समोरूनच परततात. मागे राखाडी रंगात घडत असलेली पृथ्वी आहे.

प्रश्न: गोयाची 'काळी चित्रं' एवढी खरवडल्यासारखी का दिसतात?

उत्तर: ती मुळात कॅनव्हासवर काढलेलीच नव्हती. १८१९मध्ये घेतलेल्या घराच्या गिलाव्यावर गोयाने ती तैलरंगात काढली, एकूण १४. ('बहिऱ्याचं घर' हे त्या वास्तूचं नाव आधीच्या मालकामुळे पडलेलं. गोयाही बहिरा होता, हा योगायोग!) १८७४पासून ती भिंतीवरून सोडवून कॅनव्हासवर चढवली गेली. या खटाटोपात बराच रंग गळून पडला आणि जागोजागी नव्याने भरला गेला. भिंतीवरून सोडवण्यापूर्वी घेतलेले फोटो उपलब्ध आहेत, त्यांच्याशी ताडून पाहिलं की फरक कळतो. तेव्हा यांतल्या 'कुत्रा' या चित्रातली ती ओसाड पोकळी पूर्णपणे गोयाचीच, असं छातीठोकपणे म्हणता येत नाही.

ही काळी चित्रं पाहण्याआधी दुसऱ्या मजल्यावरची, भिंतीवर टांगायच्या गालिच्यांचे नमुने म्हणून गोयाने काढलेली चित्रं पाहून घ्या. त्या सहलींच्या, खेळांच्या उजळ रंगांनंतर खाली उतरलात तरच काळेपणा खरा जाणवतो.

प्रश्न: फ्लॅश न वापरता फोटो काढता येतो का?

उत्तर: नाही. प्रादोच्या दालनांत मोबाइलनेही नाही.