तीच चाल परत परत का वाजते?

प्रश्न: मी भजनात पेटी वाजवतो, मुलगा व्हायोलिन शिकतो. त्याच्यामुळे चायकोव्हस्कीची चौथी सिम्फनी ऐकली. शेवटच्या भागात एक छोटीशी चाल सारखी येत राहते, मुलाचे सर म्हणाले की ते रशियन लोकगीत आहे. मग यात कंपोझरचं स्वतःचं काय? लोकांचं गाणं उचलायचं आणि त्याला राष्ट्रीय संगीत म्हणायचं?
– एक वाचक, फोंडा

उत्तर: अहो, तबला सोलोला तुम्ही लेहरा धरता ना? ओळ तीच, अर्धा तास तीच, आणि सगळी मजा तबल्यात. ग्लिंका या रशियन संगीतकाराने 1848 मध्ये ऑर्केस्ट्रासाठी ‘कामारिन्स्काया’ लिहिलं तेव्हा साधारण हेच केलं. त्यात दोन लोकगीतं आहेत, एक लग्नाचं संथ आणि एक नाचाचं, आणि ही नाचाची चाल इनमीन तीन बारची (बार म्हणजे ठरावीक मात्रांचा एक गट), ती 70 च्या वर वेळा येते. चाल जवळजवळ तशीच, मागचं मात्र दर वेळी वेगळं, वाद्यं बदलतात, खालचे सूर बदलतात. खरी अडचण अशी होती की जर्मन पद्धतीत चार स्वरांचा तुकडा घेऊन तो फोडत-वाढवत न्यायचा, पण लोकगीत आधीच पुरं झालेलं असतं, ते फोडलं की गाणंच उरत नाही (आमच्या धालोत लोकगीतं गाणाऱ्या बायकांना सांगून बघा, ही ओळ जरा डेव्हलप करा म्हणून!). ग्लिंकाला यातून वाट सापडली. चायकोव्हस्कीने 1888 मध्ये डायरीत लिहिलंय की ओकचं झाड जसं बीमध्ये असतं तसं सगळं रशियन सिम्फनी-संगीत या एका ‘कामारिन्स्काया’त आहे.

तुम्ही ऐकलेली चाल ‘शेतात बर्चचं झाड उभं होतं’ या गाण्याची. बालाकिरेव्ह या दुसऱ्या रशियन संगीतकाराने ती 1858 मध्येच एका ओव्हर्चरमध्ये, म्हणजे ऑर्केस्ट्राच्या एका छोट्या रचनेत, घेतली होती. मूळ ओळ सहा मात्रांची, चायकोव्हस्कीने दोन मात्रांची जागा घालून आठ केल्या. म्हणजे दादऱ्याचा केरवा केला म्हणा. कंपोझरचं काय ते इथे दिसतं.

आता ‘राष्ट्रीय’ या शब्दाचं. बालाकिरेव्ह 1860 मध्ये व्होल्गाकाठी फिरून गाणी उतरवून आला, 1866 मध्ये संग्रह छापला, त्याच्या मंडळीत बोरोदिन केमिस्ट, रिम्स्की-कोर्साकोव्ह नौदलात, सगळे नोकरी सांभाळून संगीत करणारे, त्यांचं प्रेम खरंच होतं. पण बोरोदिनचं ‘मध्य आशियाच्या स्टेपमध्ये’ (1880, स्टेप म्हणजे गवताळ माळ) घ्या, एक रशियन चाल, एक पूर्वेकडची, शेवटी दोन्ही एकत्र वाजतात, ऐकायला फार गोड. ते लिहिलं झारच्या राज्याला 25 वर्षं झाली म्हणून, आणि गोष्ट काय, तर रशियन सैनिकांच्या पहाऱ्यात निर्धास्त चाललेला काफिला. तो मुलूख बंदुकीने घेतला होता हे संगीतात कुठे येत नाही. साडेचारशे वर्षं पोर्तुगीज बघितलेल्या आपल्याला हे वेगळं काय सांगायचं! चायकोव्हस्कीच्या दुसऱ्या सिम्फनीतही युक्रेनी चाली आहेत आणि तिला नाव पडलं ‘लिटल रशियन’, कारण तेव्हा युक्रेनला ‘छोटा रशिया’ म्हणत.

एक करून बघा. मुलाला ती बर्चची चाल व्हायोलिनवर धरायला सांगा, आणि तुम्ही पेटीवर दर फेरीला मागचे सूर बदला.