शनिवारी जाऊ नकोस

प्रिय पोरी,

तुझ्या प्रबंधाचा आराखडा दोनदा वाचला. ‘धर्म आणि परंपरा यांचा विविध समाजांच्या संस्कृतीवरील प्रभाव.’ विषय एवढा ऐसपैस की त्यात जपान मावतो, मेक्सिको मावतो, फक्त तू कुठे दिसत नाहीस. पाच प्रकरणं, पाच देश, आणि पाचही लायब्ररीत बसून. चार खोडून टाक. पाचव्यासाठी विमान लागणार नाही, गेटवेवरून मांडव्याची लाँच पुरेल. अलिबागला उतर, इस्रायल आळी कुठे म्हणून विचार, कुणीही दाखवेल.

तुला वाटेल, बाई स्वतःचाच जुना विषय गळ्यात मारतायत. मारतेच आहे.

बेने इस्रायल, म्हणजे कोकणातला ज्यू समाज, स्वतःची गोष्ट सांगतो ती अशी: फार पूर्वी नवगावच्या किनाऱ्याजवळ गलबत फुटलं, सात पुरुष आणि सात बायका वाचल्या, पोथ्या समुद्रात गेल्या. ही गोष्ट खरी की खोटी, यात वर्ष घालवू नकोस. पुढचं बघ. ही माणसं कोकणात घाण्यावर तेल काढून जगली आणि शनिवारी घाणा बंद ठेवत राहिली. गावानं त्यांना नाव दिलं ‘शनवार तेली’. गावाला ज्यू हा शब्द माहीत नव्हता, शब्बाथ, म्हणजे त्यांचा शनिवारचा विसावा, माहीत नव्हता. आठवड्यातून एक दिवस न फिरणारा घाणा तेवढा दिसत होता. तुझ्या आराखड्यात ‘धर्म’ हा शब्द किती वेळा आला ते मोजलं नाही, पण एखादी बंद वस्तू एकदाही आलेली नाही.

दुसरी गोष्ट माझी जास्त लाडकी. डेव्हिड रहाबी नावाचा एक ज्यू या भागात आला आणि हे लोक खरंच आपले का, अशी त्याला शंका आली. ग्रंथ विचारावा तर ग्रंथच नाही. म्हणून, सांगतात, त्यानं बायकांसमोर मासळीची टोपली ठेवली आणि म्हणाला, रांधा. बायकांनी पर आणि खवले असलेली मासळी एका बाजूला काढली आणि बाकीची परत केली, ही आम्ही खात नाही म्हणून. रहाबीची खात्री पटली. तोरातला, म्हणजे ज्यूंच्या धर्मग्रंथातला, नियम नेमका तोच आहे. कोळंबी नाही, खेकडा नाही, मुशी नाही. कोकणात राहून हे सगळं सोडायचं म्हणजे काय, ते मी कोकणातली असल्यामुळे मला चांगलं कळतं! पुरुषांना ‘शेमा’ ही ज्यूंची मुख्य प्रार्थना पाठ होती, सुंता टिकली होती, पण परीक्षा झाली ती टोपलीपाशी. पुढे रहाबीनं काही जणांना विधी शिकवून काजी नेमलं. बायकांना त्याला काही शिकवावं लागल्याचं या गोष्टीत नाही.

आता सणांची जुनी नावं ऐक. वर्षारंभाचा ‘नव्याचा सण’. योम किप्पुर, प्रायश्चित्ताचा दिवस, म्हणजे ‘दारफळणीचा सण’, त्या दिवशी दारं लावून घरात बसायचं. सुक्कोतच्या, म्हणजे मांडवांच्या सणाच्या, सुमारास ‘खिरीचा सण’. यरुशलेमचं मंदिर पडलं त्या दुःखाच्या दिवसाला ‘बिरड्याचा सण’, कारण उपास सुटताना वालाचं बिरडं. हिब्रू नावं हरवली तेव्हा सण हरवले नाहीत, ताटातल्या पदार्थाचं नाव लावून चालत राहिले. नंतर मिशनऱ्यांच्या शाळा आल्या, छापखाने आले, हिब्रू परत आली. 1874 साली पुण्यात हिब्रू-मराठी हगादा छापला गेला, वल्हांडणाच्या रात्री वाचायची पोथी. त्यातलं एक चित्र मिळवून बघ: मात्सा, म्हणजे बिनखमिराची भाकरी, करणाऱ्या बायका लुगडं नेसून जमिनीवर बसल्यात. मिसरातून, म्हणजे इजिप्तमधून, सुटून आलेल्या पूर्वजांची आठवण, आणि बसणं आपल्या ओटीवरचं.

इथे माझा एक गाढवपणा सांगते. तुझ्याएवढी असताना या भागातल्या एका घरी वही उघडून बसले होते. आजी नारळ खवत होत्या. मी मोठ्या ऐटीत विचारलं, ‘मेंदी, मंगळसूत्र, हे तुम्ही हिंदूंकडून घेतलंत का?’ विळीवरचा हात थांबला नाही. म्हणाल्या, ‘नारळ कुणाकडनं घेतला ते नाही विचारलंस?’

मला उत्तर सुचलं नाही. घरी परतताना लाँचमध्ये कळलं की माझा प्रश्नच उसना होता. ‘मूळचं’ आणि ‘घेतलेलं’ असे दोन डबे मी आधीच करून गेले होते. मांसाबरोबर दूध चालत नाही, हा ज्यू नियम. कोकणात रश्शाला नारळाचं दूधच असतं. नियम आणि नारळ एकमेकांच्या आड आले नाहीत, म्हणून नियम सुखानं नांदला, असं मला वाटतं. पण यातला धर्म कुठला आणि संस्कृती कुठली, ते वेगळं करायला गेलीस तर रस्सा फाटेल. आपल्याकडे तरी काय? दसऱ्याचं झेंडूचं तोरण बघ. ते फूल मूळचं मेक्सिकोचं, तिथे मृतांच्या सणाला आजही त्याच्या पाकळ्या अंथरतात. आपल्या उपासाचा बटाटा आणि शेंगदाणा अमेरिका खंडातून आला, साबुदाणा ज्या कंदाचा करतात तो कंदही. आणि गव्हाची पोळी खाल्ली की उपास मोडतो! (मेक्सिको हवा होता ना तुला? एवढा घे.)

त्यांचा मलिदा, म्हणजे नवसाचं ताट, मात्र सावकाश बघ. भिजवलेले पोहे, ओलं खोबरं, साखर, वेलची, सुकामेवा, भोवती फळं. फळांच्या बराखा, म्हणजे आशीर्वचनं, वेगवेगळ्या, झाडाच्या फळाची एक, जमिनीच्या फळाची दुसरी. ज्यू नियमात केळं जमिनीच्या बाजूला जातं. एलियाहू हन्नाबीचं, म्हणजे एलिया संदेष्ट्याचं, स्तवन म्हणतात, नवस फेडतात, लग्न-बारशाला करतात. अलिबागजवळच्या खंडाळ्याला, घाटातला नव्हे, एका खडकावर एलियाहूच्या रथाच्या चाकाची खूण दाखवतात. मलिदा हा शब्द फारसीकडचा, दर्ग्यातही मलिदाच चढतो. मराठीत कंत्राटदारही मलिदाच खातात, पण तो विषय तुझ्या प्रबंधात नको.

हे सगळं गोड वाटून भुलू नकोस. शेजाऱ्याकडून नुसते पोहे-नारळ येत नाहीत. या समाजात ‘गोरे’ आणि ‘काळे’ असे दोन थर होते आणि त्यांच्यात रोटीबेटीचे आडपडदे होते. आपल्या गावानं शिकवलेला धडा त्यांनीही गिरवला. हे लिहिताना तुझा हात अडखळेल, कारण तोवर तू त्यांच्या घरी जेवलेली असशील. लिही तरीही.

आणि इस्रायलमध्ये काय झालं तेही. बहुतेक माणसं तिकडे गेली. 1960 च्या दशकाच्या सुरुवातीला तिथल्या धर्मपीठानं त्यांच्या लग्नांना आडकाठी केली: तुमच्या आईकडच्या पिढ्या तपासू, मग बघू. शेकडो वर्षं शनिवारी घाणा बंद ठेवणाऱ्यांना पुन्हा परीक्षा, आणि या वेळी टोपली नाही, कागद. लोक रस्त्यावर उतरले, उपोषणं झाली. 1964 साली तिथल्या संसदेनं ठराव केला की बेने इस्रायल सर्व बाबतींत पूर्ण ज्यू आहेत, आणि धर्मपीठाला माघार घ्यावी लागली. परंपरा म्हणजे काय, हे ठरवणारं कुणीतरी खुर्चीत बसलेलं असतं. तुझ्या आराखड्यात ती खुर्ची नाही. एक पूर्ण प्रकरण तिच्यावर कर.

आता कामाचं. इथे घरं मोजकी उरलीत, त्यामुळे प्रत्येक दारात अभ्यासक येऊन गेलेला आहे. ‘तुमची श्रद्धा काय’ असं विचारशील तर पाठ केलेलं उत्तर मिळेल. ‘परवा बाजारातून काय आणलंत’ असं विचार. जमलं तर आजींबरोबर मासळीबाजारात जा आणि त्या कुठल्या टोपलीपुढे थांबत नाहीत ते बघ. शुक्रवारी दिवेलागणीच्या आत घरातून निघ, त्यांची आवराआवर असते. मलिद्याचं ताट पुढे आलं तर वही पिशवीत टाक आणि ओंजळ कर.

रविवारी सकाळी गेलीस तर चांगलं. परत आलीस की पहिलं टिपण मला पाठव, नीटनेटकं करू नकोस.

तुझी,
बाई