वाचक विचारतात : थंडी सरली, मग नळ चालू कशाला?

प्रश्न : मुलगी कॅनडात विनिपेगला असते. मार्च आला, थंडी कमी झाली, तरी महापालिकेने तिला नळ चोवीस तास चालू ठेवायला सांगितलंय. पाणी वाया नाही का जात?

उत्तर : जातं, पण पाइप गोठून रस्ता खोदण्यापेक्षा ते परवडतं. वाहतं पाणी सहसा गोठत नाही. हवा उबदार झाली तरी गारठा जमिनीत खाली उतरतच असतो. म्हणून घराला पाणी आणणारा रस्त्याखालचा पाइप, म्हणजे जोडणी, बऱ्याचदा थंडी ओसरतानाच गोठते. २०१४ मध्ये तिथे हजाराहून जास्त घरं अशीच अडकली. काहींना पाण्यासाठी कित्येक आठवडे थांबावं लागलं.

धार पेन्सिलीएवढी जाड हवी आणि थंड पाण्याच्या नळाची. ती रात्रीही बंद करायची नाही. थेंब थेंब पाण्याने भागत नाही. सिंकची जाळी मात्र रोज साफ करा, नाहीतर घरात तळं!

जोडणी गोठलीच, तर पाइप तांब्याचा की प्लास्टिकचा ते आधी बघतात. तांब्यातून वीजप्रवाह सोडून बर्फ वितळवता येतो. प्लास्टिकमधून वीज जात नाही, तिथे आत बारीक नळी सरकवून गरम पाणी सोडतात. विजेचा प्रयोग घरच्या घरी नकोच, आग लागते. तोवर शेजाऱ्यांच्या नळावरून होज जोडून पाणी घेता येतं. तेही वाहतंच ठेवायचं.