मान-कंबर आखडली आहे, कोल्हापुरात कोणता मसाज घ्यावा आणि आत गेल्यावर नक्की काय होतं?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: वय चाळीस, शिरोली एमआयडीसीत दिवसभर संगणकासमोर काम, मान आणि कंबर आखडलेली, आजवर मसाज कधी घेतलेला नाही. मित्र म्हणतोय तालमीतल्या पैलवानाकडून अंग रगडून घे, बायको म्हणतेय पंचकर्म कर, आणि जमलं तर अडुसष्ट वर्षांच्या आईलाही न्यायचंय. तरुणपणी तालमीत घाम गाळलेला आणि आता गल्ल्यावर बसून पाठ धरणारा माणूस म्हणून सांगतो.

मित्राचं आधी निकालात काढू. गंगावेश असो, मोतीबाग असो की शाहूपुरी, कुठल्याही तालमीत मेहनत झाली की पोरं एकमेकांचं अंग रगडतात, पाठीवर-मांड्यांवर पायानं तुडवतातसुद्धा. पण ते अंग जोर-बैठका मारून तापलेलं असतं आणि वय विशीतलं असतं. खुर्चीत आठ तास थिजलेल्या कंबरेवर तोच जोर लावला तर स्नायू सैल व्हायचे सोडून बचावासाठी आणखी आवळून धरतात. आपल्याकडं किती बोंबललो त्यावर मसाज किती भारी हे ठरवायची खोड आहे. ती सोडा. दाब असा हवा की दुखतंय पण बरं वाटतंय. श्वास रोखला गेला, मुठी आवळल्या की दाब जास्त झाला असं समजा आणि लगेच सांगा.

जायच्या आधी एवढंच ठरवा: सगळ्या अंगाला विसावा हवाय की एखादी ठरावीक जागा सुटायला हवीय? विसावा हवा असेल तर स्वीडिश मसाज किंवा अभ्यंग. स्वीडिशमध्ये तेल लावून लांब, सरळ हात फिरवतात, मग कणीक मळल्यासारखे स्नायू मळतात. पहिल्या वेळेला हाच बरा. अभ्यंगात कोमट तेल, बहुतेक तिळाचं किंवा त्यात औषधं सिद्ध केलेलं, भरपूर वापरतात आणि नंतर वाफ देतात. तेवढ्यालाच पंचकर्म म्हणून विकणारे पुष्कळ आहेत. खरं म्हणजे अभ्यंग आणि वाफ ही पंचकर्माची पूर्वतयारी. वमन (उलटी करवणं), विरेचन (जुलाब देणं), बस्ती (एनिमासारखा औषधी उपाय) वगैरे पुढची कर्मं वैद्यानं तपासून सांगितल्याशिवाय करायची नसतात. वहिनींना एवढं जरूर सांगा.

ठरावीक गाठ असेल, म्हणजे मानेपासून खांद्यापर्यंत दोरी ताणल्यासारखं वाटत असेल, तर डीप टिश्यू. त्यात बोटांनी, कोपरानं हळूहळू खोल दाबत जातात. त्यानंतर एक-दोन दिवस अंग ठणकू शकतं, म्हणून दुसऱ्या दिवशी महत्त्वाचं काम असेल तर घेऊ नका. थाई मसाज गादीवर, कपडे अंगात ठेवून, तेलाशिवाय होतो. दाबणं आणि ताणणं दोन्ही असतं. युनेस्कोनं 2019 साली तो अमूर्त सांस्कृतिक वारशाच्या यादीत घेतला. तेलाची चिकचिक नको असणाऱ्याला चांगला, पण कंबरेतून पायात कळ जात असेल तर ते ताणणं टाळा. तळपायाचा अमुक बिंदू दाबला की तमुक अवयव सुधारतो, या दाव्याला भक्कम पुरावा नाही. पाय दाबून घेतल्यावर बरं वाटतं, तेवढ्यासाठी घ्या.

सलूनमधली चंपी छान, पण शेवटी मानेला झटका देऊन कडकन आवाज काढतात तो नको म्हणा. त्या झटक्यानं मेंदूकडं जाणाऱ्या रक्तवाहिनीला इजा होऊन पक्षाघात झाल्याची उदाहरणं आहेत. क्वचित, पण आहेत.

आत काय होतं? चांगल्या ठिकाणी आधी विचारतात: काय दुखतंय, रक्तदाब, शुगर, ऑपरेशन, चालू गोळ्या. काही न विचारता सरळ आडवं व्हा म्हणाले तर तुम्हीच सांगा. तुम्ही विचारलं नाहीत, पण मनात असणारच, म्हणून कपड्यांचंही सांगतो. आतली चड्डी ठेवायची किंवा ते देतात ती घालायची. ज्या भागावर काम चालू तेवढाच उघडा, बाकी चादरीखाली. पुरुष करणार की बाई हे फोनवरच विचारा. फोनवर उगाच सूचक, गोलमोल बोलत असतील तर तिकडं फिरकू नका. मसाज साधारण तासभर चालतो. पोट भरून जाऊ नका. मध्येच झोप लागली, घोरलात, पोट गुडगुडलं, तरी त्यांना त्याचं काही नसतं. झाल्यावर ताडकन उठू नका, चक्कर येते. आणि तळपायाचं तेल नीट पुसल्याशिवाय चप्पल घालून गाडीला किक मारू नका, पाय सटकतो.

मसाजनं शरीरातली विषद्रव्यं निघतात हे ऐकवतील. ते काम यकृत आणि मूत्रपिंडं करतात. कंबरेला आराम पडतो तो काही दिवसांचा. तुमची खुर्ची, स्क्रीनची उंची आणि रोजचं चालणं बदललं नाही तर महिन्याभरात पुन्हा तिथंच. दोन-तीन वेळा घेऊनही फरक नाही पडला तर मसाज बदलत बसू नका, फिजिओथेरपिस्टकडं जा. पाय बधिर होतोय, लघवी-संडासवरचा ताबा जातोय, ताप आहे, पडल्यानंतर दुखतंय, यातलं काही असेल तर मसाज नाहीच. सीपीआर या सरकारी रुग्णालयात किंवा तुमच्या डॉक्टरकडं थेट. एकच पोटरी सुजून गरम झाली असेल तर ती चोळूही देऊ नका. आत रक्ताची गुठळी असेल तर ती सुटून फुप्फुसात जाऊ शकते.

आईंचं वेगळं. या वयात हाडं ठिसूळ असू शकतात, रक्त पातळ करायच्या गोळ्या चालू असतील तर जोराच्या दाबानं अंगावर काळंनिळं उठतं. त्यांना डॉक्टरना विचारून हलका अभ्यंगच द्या. किंवा सेंटरला न्यायचंच कशाला? घरी काशाची वाटी असेल तर रात्री तूप किंवा तेल लावून तळपाय घासून द्या. तळवे काळे पडले की अंगातली उष्णता बाहेर आली म्हणतात. तो काळेपणा वाटीच्या धातूचा असतो, पण पायांना आराम मिळतो तो खराच. मधुमेहामुळं तळव्यांची संवेदना कमी झाली असेल तर मात्र वाटी नको, हातानंच तेल लावा आणि कुठं जखम नाही ना ते आधी बघून घ्या.