भावाच्या केसपेपरवर ‘जीएएफ ४५’ लिहिले आहे. म्हणजे तो ४५ टक्के बरा आहे का?

नाही, जीएएफ (ग्लोबल असेसमेंट ऑफ फंक्शनिंग) ही मानसिक आजारात रुग्णाची स्थिती मोजण्याची पट्टी आहे; तिच्यातली ४५ ही टक्केवारी नसून, लक्षणे तीव्र आहेत किंवा कामधंदा व माणसांतला वावर यांत गंभीर अडचण आहे, असा डॉक्टरांनी केलेला अंदाज आहे. ही १ ते १०० अंकांची मोजपट्टी असते आणि लक्षणे व दैनंदिन वावर यांपैकी जी बाजू अधिक बिघडलेली असेल, तिच्यावरूनच आकडा ठरतो. म्हणून भाऊ नेमाने जाळी विणत असला, तरी मनात जीव देण्याचे विचार असतील, तर आकडा खालीच राहतो (तसे असेल, तर पुढच्या तारखेची वाट न पाहता डॉक्टरांना भेटा). मासेमारी बंदीच्या जून-जुलैत होडी किनाऱ्यावर ओढलेली असताना तो घरी बसला, तर ते मात्र आजारात धरायचे नसते. दापोली-गुहागरकडील रुग्णांचे कागद भरताना आम्ही हे मुद्दाम विचारून घेतो. लक्षणे आणि कार्यक्षमता एकाच आकड्यात मिसळत असल्यामुळे २०१३ च्या डीएसएम-५ या मानसिक आजारांच्या निदान-पुस्तिकेतून जीएएफ पट्टी वगळली गेली, हेही ध्यानात असू द्यावे. दिव्यांग प्रमाणपत्रासाठी आपल्याकडे ‘आयडियाज’ ही वेगळी पट्टी वापरतात, त्यामुळे तिथे या ४५ चा उपयोग होणार नाही.