पाणी जिथून निघतं, तिथून सुरुवात करा

गेल्या अंकात मी बालीच्या डोंगराळ भागाबद्दल चार ओळी लिहिल्या होत्या. त्यावर बरीच पत्रं आली. त्यातल्या काही प्रश्नांची उत्तरं या वेळी देते.

प्रश्न : ताई, आम्ही दोघं, मी बासष्ट आणि हे सदुसष्ट, जूनमध्ये सहा दिवस बालीला जातोय. टूरवाल्यानं एकाच दिवसात बेराटन तळ्यातलं देऊळ, जातिलुविहची भातशेती, बातूर ज्वालामुखी आणि संध्याकाळी तानाह लोतचा सूर्यास्त असं बसवलंय. झेपेल का आम्हाला? काही गाळायचं तर काय गाळू?

उत्तर : ताई, झेपण्याचा प्रश्नच नाही, यातलं काहीच धड बघून होणार नाही. नकाशावर ही ठिकाणं वीतभर अंतरावर दिसतात. पण बालीचे डोंगर बेटाच्या मध्यावर, उत्तरेकडे आहेत. त्यांच्यावरून नद्या दक्षिणेला उतरताना खोल घळी पाडत गेल्यात. रस्ते दोन घळींमधल्या धारेवरून दक्षिणोत्तर जातात. पूर्वेकडून पश्चिमेला जायचं म्हटलं की गाडी खाली उतरवा, पुन्हा वर चढवा. बातूर पूर्वेला, बेराटन मध्यावर आणि तानाह लोत पार नैऋत्येच्या किनाऱ्यावर. तुमचा अख्खा दिवस गाडीत जाईल.

मी पहिल्यांदा गेले तेव्हा माझंही हेच झालं. हॉटेलचा नाश्ता आटपून नऊला निघालो, बेराटनला पोचेपर्यंत बारा वाजले. तोवर ढग उतरले होते. अकरा छपरांचा मेरू, म्हणजे एकावर एक छपरं असलेला देवळाचा मनोरा, बघायला गेले आणि मला जेमतेम खालची चार छपरं दिसली. चाळीस मिनिटांत गाइडनं गाडीत बसवलं. जातिलुविहला चार वाजता धो धो पाऊस. ती शेतं मी गाडीच्या काचेतून पाहिली. त्या दिवसाची हळहळ मला पुढची दोन वर्षं होती.

म्हणून सांगते, सहातल्या दोन रात्री वर काढा. बेडूगुलला राहा, नाहीतर थोडं पुढे मुंडुकला. बेराटन तळं समुद्रसपाटीपासून सुमारे १२०० मीटरवर आहे, स्वेटर लागतो. सकाळी देवळाचं दार उघडल्या उघडल्या आत असा. दुसऱ्या खेपेला मी तसं केलं. तळ्याच्या पाण्यावरून वाफेसारखं धुकं सरकत होतं. मेरूची छपरं माडाच्या जातीतल्या एका झाडाच्या काळ्या तंतूंनी शाकारलेली असतात. ते तंतू दंवानं ओले होऊन इतके काळेभोर दिसत होते की त्यांच्या कडेचं थेंबन् थेंब मोजता यावं. एक बाई पायरीवर नारळाच्या कोवळ्या पानांचा लहानसा चौकोनी द्रोण ठेवत होती. त्यात तीनचार रंगांची फुलं आणि वर एक उदबत्ती. याला ‘चानांग सारी’ म्हणतात. तिनं बोटांत एक फूल धरून पाण्याचे थेंब शिंपडले आणि हात हळूच देवाच्या दिशेनं हलवला, जणू उदबत्तीचा वास त्याच्यापर्यंत पोचवत होती. आठनंतर बसगाड्या येऊ लागल्या. तोवर माझं पोट भरलं होतं.

हे देऊळ म्हणजे ‘पुरा उलुन दानू बेराटन’. सतराव्या शतकात, १६३३ च्या सुमारास, मेंगवीच्या राजानं बांधलं असं मानतात. आवारात एक बौद्ध स्तूपही आहे, तो चुकवू नका. इंडोनेशियाच्या पन्नास हजार रुपियाच्या जुन्या, २००५ च्या नोटेवर हेच देऊळ होतं. बागेतले पुतळे आणि हंसाच्या आकाराच्या बोटी मला त्या जागेत खुपतात. तिकडे पाठ करून तळ्याच्या काठाला उभ्या राहा.

दुसऱ्या दिवशी बुयान आणि ताम्बलिंगान ही जुळी तळी वरच्या रस्त्यावरून बघा. चालवत असेल तर ताम्बलिंगानच्या काठी उतरा. तिथे मोटरबोट नाही, दोन लाकडी होड्या एकत्र बांधून वल्हवतात. भोवतीचं जंगल चार गावं मिळून राखतात आणि त्याला ‘आलास मेर्ताजाती’ म्हणतात. यातलं ‘मेर्ता’ म्हणजे आपलं अमृत. खाली उतरताना जातिलुविह घ्या आणि तिथे अर्धा दिवस द्या. बातूरला वेगळा दिवस ठेवा. तानाह लोत, बालीत उतराल त्याच दिवशी संध्याकाळी उरका, किंवा सोडूनच द्या.

बातूरची पहाटेची चढाई तुम्हा दोघांना सुचवणार नाही. डोंगर १७१७ मीटरचा आहे, अंधारात सुट्या राखेवरून चढायचं आणि उतरताना गुडघ्यांची खरी परीक्षा. किंतामानीला विवराच्या कडेवर बसून खाली तळं आणि समोर काळा लाव्हा बघा, तेवढं पुरे.

प्रश्न : माझी शेती आहे, भातच करतो. मुलगा म्हणतो बालीला चला, तिथली पायऱ्यांची शेती जगप्रसिद्ध आहे. मला वाटतं, भाताची खाचरं बघायला विमानानं कशाला जायचं? तिथे असं वेगळं काय आहे?

उत्तर : दादा, तुमचं पत्र वाचून मला फार बरं वाटलं, कारण ही शेतं खऱ्या अर्थानं तुमच्यासारख्यालाच कळतील. आम्ही बाकीचे हिरवा रंग बघून परत येतो.

तिथे बघायचं ते पाणीवाटप. एका पाटावर भिजणाऱ्या सगळ्या खाचरांच्या मालकांची मिळून एक संस्था असते, तिला ‘सुबाक’ म्हणतात. गाव वेगळं आणि सुबाक वेगळा. एकाच गावातले दोघे शेजारी दोन सुबाकांत असू शकतात, कारण त्यांच्या शेताला पाणी वेगळ्या पाटातून येतं. ही पद्धत नवव्या शतकापासून चालत आली आहे. सुबाकाच्या प्रमुखाला ‘पेकासेह’ म्हणतात. पाटकऱ्याचं काम, गावकीचा मान आणि देवळातली जबाबदारी हे सगळं त्या एका माणसाकडे. युनेस्कोनं २०१२ मध्ये बालीची पाच ठिकाणं जागतिक वारशात घेतली, ती सुंदर दिसतात म्हणून नव्हे, या सुबाकासाठी. त्या यादीत शेतांबरोबर बातूरचं तळं आणि देऊळही आहे.

जातिलुविहला पोचलात की फोटोच्या गर्दीतून बाहेर पडा आणि बांधावरून वर, पाट जिथून येतो तिकडे चालत जा. मी तशीच गेले. एका वळणावर पाटात आडवं लाकूड टाकलेलं दिसलं. त्याला वरच्या बाजूनं खाचा पाडलेल्या होत्या, एक रुंद, दोन अरुंद. पाणी त्या खाचांतून तीन धारांत वाटलं जात होतं. याला ‘तेम्बुकू’ म्हणतात. खाचांचा तळ एका पातळीत असतो, म्हणून पाणी कमी असो की जास्त, वाटा त्याच प्रमाणात मिळतो. खाचेची रुंदी हाच हिशेब. कुलूप नाही, झडप नाही, कोणी रात्री येऊन फळी सरकवली तर सकाळी सगळ्यांना दिसतं. लाकडाच्या कडेला एक जुनं, सुकलेलं चानांग सारी पडलं होतं आणि शेजारी एक ताजं. मी तिथे बराच वेळ बसले. तीन धारांचा आवाज वेगवेगळा येत होता.

आता तळ्यांकडे या. ‘उलुन’ म्हणजे डोकं, उगमाकडची बाजू. उलुन दानू म्हणजे तळ्याच्या डोक्याशी असलेलं देऊळ, बेराटनसारखंच एक बातूरलाही आहे. बातूर तळ्याला बाहेर वाहणारी नदी नाही. पाणी जमिनीखालून झिरपतं आणि खाली डोंगरउतारावर झऱ्यांतून निघतं. म्हणून तळ्याची देवी, देवी दानू, हीच सगळ्या पाण्याची मालकीण. बातूरच्या देवळाच्या मुख्य पुजाऱ्याला ‘जेरो गेडे’ म्हणतात. दूरदूरचे सुबाक तिथे दान घेऊन येतात, तीर्थ घेऊन जातात आणि पाण्याची भांडणंही त्याच्यापुढे मांडतात. त्याखाली लहान देवळं, मग सुबाकाचं देऊळ, आणि शेवटी प्रत्येकाच्या शेतात, पाणी जिथून आत शिरतं त्या वरच्या कोपऱ्यात, एक छोटंसं ठाणं. तळ्यापासून तुमच्या बांधापर्यंत देवळांची अशी एक माळ आहे.

आता यातली शेतकऱ्याची गोष्ट सांगते. सगळ्यांनी एकाच वेळी लावणी केली तर कापणीही एकदम होते. मग सगळी जमीन एकदम पड राहते, तुडतुड्यांना आणि उंदरांना खायला काही उरत नाही आणि ते मरतात. पण सगळ्यांनी एकदम लावणी केली तर पाणीही सगळ्यांना एकदम लागतं, आणि तेवढं पाणी नसतं. किती सुबाकांनी बरोबर लावायचं आणि कोणी पुढेमागे, हा मेळ देवळातल्या बैठकांतून बसत आला होता. वरच्याला पाणी आहे, त्याला खालच्याची फिकीर कशाला? तर कीड. खालच्याच्या शेतातली कीड वर यायला वेळ लागत नाही. म्हणून वरचा खालच्याला पाणी सोडतो आणि खालचा वरच्याच्या वेळापत्रकाला जुळवून घेतो.

१९७० च्या दशकात सरकारनं जास्त उत्पन्न देणारं नवं बियाणं आणि खतं आणली आणि जितकी पिकं निघतील तितकी घ्या, असा आग्रह धरला. देवळाचं वेळापत्रक मोडलं. थोड्याच वर्षांत तपकिरी तुडतुड्यांनी आणि रोगानं शेतंच्या शेतं बसवली. स्टीफन लान्सिंग या अमेरिकी मानववंशशास्त्रज्ञानं याचा अभ्यास केला. जेम्स क्रेमर या परिसंस्थातज्ज्ञाबरोबर त्यानं नद्या, पाऊस, पाट आणि कीड यांचं संगणकावर गणित मांडलं. देवळांच्या जाळ्यातून जसा मेळ बसत होता, त्याच्या जवळपासच उत्तम उत्पन्न येतं, असं त्यातून निघालं. शेवटी देवळांकडे पुन्हा लक्ष द्यावं लागलं. दादा, मला हे फार महत्त्वाचं वाटतं. ज्याला वरून आलेले तज्ज्ञ नुसता पूजापाठ समजत होते, तो पाणीपाळीचा हिशेब होता.

एक सावधगिरी. जातिलुविहचा लाल भात जुन्या वाणाचा आहे, त्याला पाचसहा महिने लागतात. तुम्ही जाल तेव्हा शेतं हिरवीगार असतील, पिवळी असतील की नुसता चिखल असेल हे त्या त्या सुबाकावर आहे. चिखल असला तरी तुम्ही नाराज होणार नाही, बाकीच्यांना समजावून सांगा. आणि बांधावर पाय जपून. तो त्यांनी हातानं लिंपलेला असतो.

प्रश्न : आम्ही हिंदूच, मग बालीच्या देवळांत आतल्या भागात का जाऊ देत नाहीत? माझ्या बहिणीला वाईट वाटलं.

उत्तर : तिचं वाईट वाटणं समजू शकते. पण तिथलं सगळ्यात आतलं अंगण हे बघण्यासाठी नाही, पूजा करणाऱ्यांसाठी आहे. एरवी ते बरेचदा रिकामं आणि बंद असतं. आपल्याला अपेक्षित असलेली मूर्ती आणि गाभाराही बहुधा नसतो. रिकामं आसन असतं, उत्सवाला देव तिथे येतात अशी श्रद्धा. त्यांचा धर्म तीर्थाभोवती फिरतो, ‘आगामा तीर्ता’ असंही त्याला म्हणतात.

ज्यांना सहभागी व्हायचं आहे त्यांनी तीर्ता एम्पुलला जावं. हे दहाव्या शतकातलं झऱ्याचं देऊळ, इथे कुंडात उतरून स्नान करता येतं. मात्र रांगेत डावीकडून सुरू करा आणि मृतांच्या विधीसाठी राखलेल्या धारा सोडा, कोणत्या ते तिथली माणसं सांगतात. कमरेला सारोंग, म्हणजे लुंगीसारखं वस्त्र, आणि वर पट्टा सगळ्यांनाच लागतो, पुरुषांनाही. पाळीच्या दिवसांत येऊ नये अशा पाट्या असतात. मला स्वतःला हा नियम पटत नाही. तरी दुसऱ्याच्या दारात मी तो पाळते, त्या दिवशी बाहेरून तळं बघते.

प्रश्न : शाकाहारी माणसाचं वर डोंगरात काय?

उत्तर : काही अडत नाही. टेम्पे, म्हणजे आंबवलेल्या सोयाबीनच्या वड्या, टोफू, भाज्या, भात सगळीकडे मिळतं. फसवणारी गोष्ट एकच, ‘तेरासी’, म्हणजे वाटलेल्या कोळंबीचा गोळा. तो चटणीत आणि भाजीतही असतो. ‘तान्पा तेरासी’, तेरासीशिवाय, एवढे दोन शब्द पाठ करून जा. बेराटन तळ्याजवळच्या चांदीकुनिंगच्या बाजारात स्ट्रॉबेरी घ्या.

प्रश्न : पाडव्याच्या सुट्टीत जातोय. त्या सुमारास तिथे सगळं बंद असतं असं ऐकलं, खरं का?

उत्तर : एकच दिवस, पण तो पूर्ण बंद. न्येपी म्हणतात त्याला, त्यांचं नवं वर्ष. आणि हे वर्षही शकाचंच. २०२३ मध्ये दोन्ही सण २२ मार्चला आले आणि त्यांच्याकडेही शके १९४५ लागलं. नेहमी तसं जुळत नाही, २०२४ मध्ये न्येपी पाडव्याच्या जवळजवळ महिनाभर आधी होती. म्हणून तिकीट काढण्याआधी तारीख बघा. त्या दिवशी विमानतळ चोवीस तास बंद, रस्त्यावर कोणी नाही, दिवे नाहीत, हॉटेलच्या आवाराबाहेर पाय टाकता येत नाही.

पण ती तारीख टाळू नका, असं मी म्हणेन. आदल्या संध्याकाळी गावागावात भुताखेतांच्या प्रचंड मूर्ती खांद्यावरून नाचवतात, त्या बघा, आणि रात्री मुक्कामाला डोंगरात असा. जेवणाचं हॉटेलशी आधी बोलून ठेवा. व्हिसा पाच लाख रुपिया आणि बेटाचा पर्यटक कर दीड लाख, दोन्ही जाण्याआधीच भरता येतात, भरूनच निघा. न्येपीच्या रात्री खोलीचे पडदे ओढून घ्यावे लागतात, उजेड बाहेर जाता कामा नये. खोलीतला दिवा मालवून हॉटेलच्या अंगणात जा. आभाळ निरभ्र असेल तर अख्ख्या बेटावर चांदण्यांशिवाय दुसरा उजेड नसतो.