मुलीसाठी मॅक की विंडोज : श्टुटगार्टहून एक उत्तर

सप्रेम नमस्कार.

तुमची मुलगी ऑक्टोबरमध्ये यंत्र अभियांत्रिकीच्या पदव्युत्तर अभ्यासक्रमासाठी श्टुटगार्टला येणार आहे आणि तिच्यासाठी मॅकबुक घ्यावे की विंडोजचा लॅपटॉप, तोही पुण्यात घ्यावा की इथे आल्यावर, असे तुम्ही विचारले आहे. तिच्या वर्गातली मुले मॅकबुक घ्यायला सांगतात, तुमचे दीर मोठ्या ग्राफिक्स कार्डाचा गेमिंग लॅपटॉप घ्या म्हणतात, आणि शैक्षणिक कर्जातून ही खरेदी एकदाच करता येणार असल्याने चूक परवडणार नाही, असेही तुम्ही लिहिले आहे. तुमचा प्रश्न वाचून दोन दिवस मी काहीच लिहिले नाही, कारण हीच खरेदी मी २०२० साली माझ्या मुलासाठी केली होती आणि ती चुकली होती.

पदवीच्या पडताळणीचे एपीएस प्रमाणपत्र, राहण्याच्या खर्चासाठी ब्लॉक्ड अकाउंट या बँकखात्यात आधीच ठेवायचे पैसे, व्हिसाची मुलाखत या गोष्टी अधिकृत ठिकाणी नीट लिहिलेल्या आहेत, त्यामुळे त्यांबद्दल मी काही सांगत नाही.

यंत्र अभियांत्रिकीसाठी विंडोजच घ्या. सॉलिडवर्क्स, कॅटिया आणि सीमेन्सचे एनएक्स या आरेखनाच्या प्रमुख प्रणालींची मॅकसाठी आवृत्तीच नाही, आणि अन्सिस हे विश्लेषणाचे सॉफ्टवेअर विंडोज व लिनक्स या दोहोंवर चालते, मॅकवर चालत नाही. मॅटलॅब हे गणिती सॉफ्टवेअर मात्र २०२३ पासून ॲपलच्या नव्या चिपवर थेट चालते, पायथनला तर काहीच अडचण नाही, आणि ऑटोकॅड व फ्यूजन यांच्याही मॅकसाठीच्या आवृत्त्या आहेत. म्हणून मुलगी संगणकशास्त्र, अर्थशास्त्र किंवा भाषा शिकायला येत असती, तर मॅकबुक एअर घ्या, हलके आहे, बॅटरी दिवसभर पुरते, असे मी मनापासून लिहिले असते. इथे प्रश्न संगणक चांगला की वाईट असा नसून तिच्या अभ्यासाचे सॉफ्टवेअर त्यावर चालते की नाही, एवढाच आहे.

‘मॅकवर विंडोज टाकता येते’ असे तुम्हाला कोणीतरी सांगेल. मलाही सांगितले होते, आणि सांगणाऱ्याच्या काळात ते खरेही होते. २००६ पासून ॲपलच्या संगणकांत इंटेलची चिप असे आणि बूट कॅम्प नावाच्या सोयीने त्याच संगणकावर खरे विंडोज चालू करता येई. नोव्हेंबर २०२० मध्ये एम-१ ही ॲपलची स्वतःची चिप आली आणि या नव्या संगणकांवर बूट कॅम्पची सोय राहिली नाही. आता पॅरलल्ससारख्या प्रणालीतून विंडोज चालवता येते, २०२३ पासून मायक्रोसॉफ्टची त्याला मान्यताही आहे, पण ते एआरएम या वेगळ्या रचनेच्या चिपसाठीचे विंडोज असते आणि इंटेलसाठी लिहिलेली सॉफ्टवेअर त्यावर भाषांतर होऊन चालतात. लहानसहान कामाला ते पुरते, परंतु शेकडो सुट्या भागांची जोडणी पडद्यावर फिरवायची असेल आणि उद्या सकाळी प्रकल्प द्यायचा असेल, तर त्याच्यावर विसंबू नये. हीच अडचण आता विंडोजच्या काही लॅपटॉपांतही आहे, कारण २०२४ पासून स्नॅपड्रॅगन चिपचे लॅपटॉप दुकानांत मोठ्या प्रमाणावर आले आहेत आणि तेही एआरएमच आहेत. तेव्हा खोक्यावर विंडोज लिहिले आहे एवढे पाहून थांबू नका. चिप इंटेल किंवा एएमडीची आहे ना, हे विचारून घ्या.

दिरांचे म्हणणे निम्मे बरोबर आहे. एनव्हिडियाचे मध्यम ग्राफिक्स कार्ड असावे, मेमरी (रॅम) निदान १६ आणि जमल्यास ३२ जीबी असावी, आणि मेमरी पुढे वाढवता येईल अशी जागा असली तर अधिक चांगले. मात्र अडीच किलोचा लॅपटॉप आणि त्याचा विटेएवढा चार्जर रोज पाठीवर घेऊन एस-बान म्हणजे लोकल गाड्या बदलत विद्यापीठात जायचे, तिथे बॅटरी दोन तासांत संपली की व्याख्यानगृहात भिंतीकडेची जागा शोधायची, हे दोन वर्षे करणे सोपे नाही. अवजड गणिते करायला विद्यापीठाची संगणकदालने असतात, पुष्कळ ठिकाणी घरूनही त्या संगणकांना जोडून घेता येते, आणि विद्यार्थ्यांना बरीच सॉफ्टवेअर विनामूल्य मिळतात. त्यामुळे इथे येण्यापूर्वी कोणतेही महागडे सॉफ्टवेअर विकत घेऊ नका आणि बेकायदा प्रत तर मुळीच टाकून पाठवू नका.

खरेदीपूर्वी एक गोष्ट अवश्य करा, जी मी केली नाही. प्रत्येक विभागात विद्यार्थ्यांचे एक मंडळ असते, त्याला फाखशाफ्ट म्हणतात. ‘पहिल्या दोन सत्रांत कोणते सॉफ्टवेअर लागते, आणि संगणकदालनात जागा मिळते का’ एवढेच विचारणारे पत्र मुलीने त्यांना इमेलने पाठवावे. कार्यालयाकडून उत्तर येईल ते नियमावलीचे असेल. या मुलांकडून येईल ते गेल्या सत्रात काय झाले त्याचे असेल.

कुठे घ्यावा याबद्दल माझे मत इथे आल्यावर घ्यावा असे आहे, आणि त्यामागे माझ्या भाच्याचा अनुभव आहे. त्याने भारतातून आणलेला लॅपटॉप आठ महिन्यांत बंद पडला, तेव्हा त्या कंपनीच्या इथल्या सेवाकेंद्राने वॉरंटी भारतापुरती आहे म्हणून हात लावला नाही. ओळखीच्या माणसाबरोबर तो भारतात पाठवला, तिथे तो विनाशुल्क दुरुस्त झाला आणि कुरिअरने परत आला, तो सीमाशुल्क कार्यालयात अडकला. वस्तू आमचीच आहे, दुरुस्तीला गेली होती, हे सिद्ध करणारा जाताना घेतलेला कागद आमच्याकडे नव्हता. मूळ बिल दिले तर त्याचे भाषांतर मागितले, भाषांतर दिले तर पैसे भरल्याचा बँकेचा पुरावा मागितला, आणि तिसऱ्या खेपेला आम्ही स्वतःच्याच लॅपटॉपवर १९ टक्के आयात कर भरून तो सोडवून आणला. त्या बाकावर नंबर हातात धरून बसलेल्या माझ्या भाच्याचा पडलेला चेहरा मला अजून दिसतो आणि अजून राग येतो. इथे घेतलेल्या नव्या वस्तूला विक्रेत्यावर दोन वर्षांची कायदेशीर जबाबदारी असते. कीबोर्ड जर्मन मिळेल, त्यात झेड आणि वाय यांची अदलाबदल असते आणि महिरपी कंस विचित्र जागी असतात, पण महिन्याभरात बोटांना सवय होते. पुण्यातच घ्यायचा असेल तर वॉरंटी जर्मनीत चालेल, हे कंपनीकडून लेखी घ्या. दुकानदाराच्या तोंडी शब्दावर जाऊ नका.

एकटेपणाबद्दलही तुम्ही शेवटी विचारले आहे. तो येतो. नोव्हेंबरअखेरीस इथे साडेचारच्या सुमारास सूर्य मावळतो आणि रविवारी दुकाने बंद असतात. तुमच्याशी बोलायला लागणारा कॅमेरा आणि माइक कोणत्याही लॅपटॉपमध्ये पुरेसा चांगला असतो, त्यासाठी वेगळा खर्च करू नका. याहून अधिक मी त्यावर लिहिणार नाही.

माझी खरेदी का चुकली, ते मात्र सांगितले पाहिजे, कारण ते केवळ चिपमुळे घडले नाही. आम्ही २००८ साली इथे आलो तेव्हा मुलगा सात वर्षांचा होता. इथे चौथीनंतर मुलांच्या वाटा वेगळ्या होतात, आणि तेव्हा आमच्या बाडेन-व्युर्टेम्बर्ग राज्यात प्राथमिक शाळेची शिफारस पालकांवर बंधनकारक असे. २०११ च्या वसंतात त्याच्या शाळेने त्याला थेट विद्यापीठाकडे नेणाऱ्या गिम्नाझियमऐवजी दहावीपर्यंतच्या रेआलशूलेची शिफारस दिली, कारण गणितात तो वर्गात सर्वांच्या पुढे असला तरी त्याचे जर्मन कच्चे होते. मी सांगलीत नऊ वर्षे माध्यमिक शाळेत गणित शिकवलेली बाई. त्याच्या शाळेतल्या बाईंसमोर त्या लहान मुलांच्या खुर्चीवर बसून मला एवढेच सांगायचे होते की भाषा दोन वर्षांत येईल, गणिताची समज अशी येत नाही. पण ते वाक्य जर्मनमध्ये माझ्या तोंडून निघाले नाही आणि मी मान हलवून सही करून आले. पुढच्याच शैक्षणिक वर्षापासून, म्हणजे २०१२ च्या प्रवेशांसाठी, ती शिफारस बंधनकारक राहिली नाही. एका वर्षाने आमचे हुकले. त्याने रेआलशूले पूर्ण केली, मग तीन वर्षे तांत्रिक गिम्नाझियम करून आबिटूर, म्हणजे विद्यापीठ प्रवेशाची पात्रता, मिळवली आणि २०२० च्या हिवाळी सत्रात यंत्र अभियांत्रिकीला प्रवेश घेतला. त्याने कधी तक्रार केली नाही. माझ्या मनातून मात्र ती खुर्ची गेली नाही.

माझ्या बी.एड.ला मान्यता मिळावी म्हणून केलेला अर्ज चौदा महिन्यांनी परत आला होता, कारण इथे शिक्षकाला दोन विषय लागतात आणि माझ्याकडे एकच होता. म्हणून मी एका शाळेच्या भोजनगृहात दुपारचे काम करत असे आणि त्यातून साठलेल्या अकराशेच्या आसपास युरोंतून मी त्याच्यासाठी नुकतेच बाजारात आलेले एम-१ चे मॅकबुक घेतले. सर्वांत चांगले असेल ते त्याला मिळावे, एवढाच विचार माझ्या डोक्यात होता. विभागाला काय लागते हे मी विचारले नाही आणि त्यालाही विचारले नाही. त्याने खोके उघडले, मला मिठी मारली आणि छान आहे म्हणाला. डिसेंबरच्या मध्यापासून टाळेबंदी कडक झाली आणि संगणकदालनात जाऊन बसण्याचा मार्गही बंद झाला. तो रात्री उशिरा विद्यापीठाच्या संगणकाला घरून जोडून घेई, कारण दिवसा ते फार हळू चाले, आणि आरेखनाची एकेक रेघ उमटायची वाट पाहत बसे. मला वाटे, मुलगा किती मन लावून अभ्यास करतो.

फेब्रुवारीत त्याच्या कपाटात जाड कोटांच्या मागे मला एक जुना, जड, विंडोजचा लॅपटॉप सापडला. शनिवार-रविवार गोदामात काम करून त्याने तो ३८० युरोंना वापरलेला घेतला होता, आणि माझी चाहूल लागली की तो मिटून मॅकबुक उघडून बसत असे. मी विचारले तेव्हा तो म्हणाला, “आई, तुला वाईट वाटलं असतं.”

तो ३८० युरोंचा लॅपटॉप त्याला पदवीपर्यंत पुरला. मॅकबुक माझ्याकडे आहे. पाच वर्षांत त्याने मला एकदाही त्रास दिलेला नाही, आणि हे उत्तरही मी त्यावरच लिहीत आहे.

काल मी त्याला तुमचा प्रश्न वाचून दाखवला. त्याने मेमरीविषयी मी वर दिलेले आकडे सांगितले आणि मग विचारले, त्या मुलीचे स्वतःचे काय म्हणणे आहे? मी तुमचा प्रश्न पुन्हा वाचला. त्यात तिच्या वर्गातली मुले आहेत, तिचे काका आहेत, कर्ज आहे, तुमची काळजी आहे. तिचे म्हणणे कुठे आढळले नाही. ते तिला विचारा, आणि फाखशाफ्टचे उत्तर आले की दोन्ही मला कळवा. मग नेमका कोणता लॅपटॉप घ्यायचा ते मी मुलाला बरोबर घेऊन सांगेन.